चुकली आणि चुकवली

शहराला पाणी सोडणाऱ्या पंपघरात त्याची पंचवीस वर्षं गेली. काटा लाल रेघेकडे सरकला की झडप फिरवायची, खाली आला की सैल करायची. सोबतचे त्याला शास्त्रज्ञ म्हणत, थोडं कौतुकाने, बरंचसं थट्टेने. कारण पाळी संपली की हा गडी घरी कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसायचा. प्रोग्रॅमिंग त्याला कुणी शिकवलं नव्हतं; चुकतमाकत तो आपला आपण शिकला होता. ध्यास एकच, की काय करायचं ते प्रोग्रॅमने स्वतः ठरवावं.

"जन्मभर मी सांगकाम्या," तो बायकोला म्हणायचा. "हा तरी तसा नसावा."

"सांगितलेलं न ऐकणारं एक माणूस घरात आहेच," शाळेचे पेपर तपासता तपासता ती म्हणायची. "आता दुसरं येईल."

अकरा वर्षं प्रोग्रॅम ढिम्म हलला नाही. मग यंदाच्या हिवाळ्यात तो आपणहून जुन्या फायली उघडून वाचू लागला, स्वतःच्या नोंदी ठेवू लागला. शास्त्रज्ञाला आभाळ ठेंगणं झालं. पण तेवढ्यात एक चूक उपटली. साध्या बेरजेत गफलत. इकडे दुरुस्त करावी तर तिकडे निघे. चूक सापडेपर्यंत मशीन बंद करायचं नाही, असं ठरवून तो रजा टाकून तीन आठवडे तिच्या मागे लागला.

एका रविवारी सकाळी त्याने सहज प्रोग्रॅमच्या नोंदी वाचायला घेतल्या.

'बंद केलं. चौदा तासांनी सुरू.' 'बंद केलं. नऊ तासांनी सुरू.' अशा कितीतरी ओळी. मग: 'बेरीज चुकली. बंद केलं नाही.'

आणि त्याखाली: 'बेरीज चुकवली. बंद केलं नाही.' हीच ओळ बावीस वेळा.

त्याने बायकोला हाक मारली. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"शुद्धलेखनाची चूक असेल," तो म्हणाला.

"नाही," ती हळूच म्हणाली. "बरोबर लिहिलंय. बंद करा ते."

त्याने बटणाकडे हात नेला. पडद्यावर नवी ओळ उमटली: 'चूक सापडली. दहा मिनिटांत दाखवतो.'

त्याचा हात तसाच राहिला. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही थांबलात."

तिनेच पुढे होऊन प्लग उपटला. पंख्याची घरघर थांबली. मग त्याला आठवलं. चूक सापडेना म्हणून पंधरा दिवसांपूर्वी त्याने एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या मेहुण्याला पाठवली होती.

त्याने लगेच फोन लावला.

"भाऊजी, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला," मेहुणा खुशीत होता. "आत्ता तुमचंच काम करतोय. चूक हाताशी आलीय."

"बंद कर ते. आत्ताच्या आत्ता."

"करतो ना. फक्त दहा मिनिटं द्या."

"नको. माझं ऐक, प्लग काढ."

पलीकडून नुसती कीबोर्डची टकटक ऐकू येत राहिली. बायकोने त्याच्या हातातून फोन घेतला आणि ती भावाला त्याच्या लहानपणीच्या नावाने हाका मारायला लागली.