चेहऱ्यावरच्या चार रेघा

खरं सांगायचं तर हा अनुभव लिहायला बसले तरी माझा राग पूर्ण गेलेला नाही. असं काही लिहिणारी माणसं सुरुवातीपासूनच शांत असतात. मी त्या दिवशी नव्हते. बुद्धाला शरण जाणं लांबच राहिलं, आमच्या विहार समितीच्या सचिवांचं तोंड पाहायचीही माझी तयारी नव्हती.

मलकापुरात माझं फ्लेक्स डिझाइनचं छोटं दुकान आहे. वाढदिवस, नेमणूक, श्रद्धांजली, गावोगावचे चेहरे माझ्या कॉम्प्युटरवर येतात आणि गोरेपान होऊन बाहेर पडतात. माहेर जानेफळजवळचं. तिथला विहार माझ्या बाबांनी बांधला, ते गवंडी. दाराच्या वर त्यांनी विटा गोल बसवून एक मोठा झरोका सोडला होता, पुढेमागे त्यात रंगीत काचेची खिडकी बसेल म्हणून. खिडकी काही बसली नाही. पावसात पाणी आत यायचं, पारवे घाण करायचे, आणि दर सभेत कुणीतरी म्हणायचं, बुजवून टाका. यंदा तसा ठरावच झाला. बुद्धपौर्णिमेआधी खिडकी मार्गी लागली नाही तर वीट लावून बंद. बाबांचे गुडघे आता गेलेत, आवाजही बारीक झालाय. फोनवर एवढंच म्हणाले, "तू काढतं ना कॉम्प्युटरवर सारं? मंग हे काढून दे ना माय."

मी तीन आठवडे दुकान सांभाळून त्या चित्राच्या मागे लागले. सॉफ्टवेअरमध्ये वाट्टेल तो आकार काढता येतो, काच तशी ऐकत नाही. एकेक तुकडा वेगळा कापायचा आणि शिशाच्या पट्टीनं शेजारच्याला जोडायचा. काचेच्या मधोमध भोक पाडून त्यात दुसरी काच बसवता येत नाही, म्हणून आतल्या प्रत्येक आकारापासून एक रेघ निघून कडेपर्यंत जावीच लागते. पिंपळाची पानं झाली, बुद्धाच्या अंगावरचं केशरी चीवर झालं. पण माझा जीव अडकला होता तथागतांच्या मिटत आलेल्या डोळ्यांत. पापणीचं वळण साधायला मी एकेक बिंदू केसाएवढा सरकवत बसे. डोळे आणि ओठ जमले, आणि त्यांच्यापासून कडेपर्यंत चार काळ्या रेघा चेहऱ्यावर आल्या. त्याला माझा इलाज नव्हता. ही काचेची रीत आहे, लोकांना समजेल, असं मी धरून चालले.

वर माझी अक्कल पाहा. समितीला पूर्ण मापाचं चित्र दाखवायचं म्हणून मी ते फ्लेक्सवर छापून नेलं. आमच्याकडे माणूस फ्लेक्सवर दिसल्याशिवाय निवडून आल्यासारखाही वाटत नाही! विहारात ते उलगडलं आणि सचिव खूश होऊन म्हणाले, "झालं ना मंग! हेच ठोका वरतं. काच कायले पाह्यजे?"

मी म्हटलं, हा नुसता नमुना आहे, ह्यातून ऊन आत येणार नाही. त्यांचं लक्षच नव्हतं. ते चेहऱ्याजवळ वाकले होते. "अन् ह्या रेघा काऊन? चेहरा फुटल्यावानी दिसून राह्यला. लोकं का म्हणतीन आपल्याले? रेघा पुसून दुसरं फ्लेक्स आण."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बाबांकडे पाहिलं तर ते खाली पाहत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांना काचेतलं ओ की ठो कळत नाही त्यांनी मला रेघा शिकवाव्यात? ज्या म्हाताऱ्यानं विटेला वीट लावून हा विहार उभा केला, त्याच्या झरोक्यावर वाढदिवसाचं कापड ठोकायचं? मी फ्लेक्स गुंडाळलं, चहाला हात लावला नाही, आणि खामगावची एसटी पकडली. बसमध्ये बसून मी मनातल्या मनात बुद्धालाही सोडलं नाही. तुझ्यासाठी तीन आठवडे डोळे फोडले, तू एका माणसाला तरी बुद्धी द्यायचीस!

शेजारी पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते. दोन गुडघ्यांच्या मधे वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोठी काच. रस्ता असा की दर खड्ड्याला त्यांचा जीव वरखाली. शेवटी म्हणाले, "बाई, ते तुमचं बंडल द्या ना जरासं. काचेखाली लावतो." मी दिलं. देताना तोंड वाकडंच केलं असेल. पुढं बस एका ठिकाणी बराच वेळ थांबली, तेव्हा त्यांनी विचारून ते उलगडलं. चित्र पाहून त्यांनी वाहवा केली नाही. खिडक्यांच्या काचा बसवणारा माणूस, त्यांची नजर सरळ रेघांवर गेली.

"चेहरा काऊन कापला?"

मी तणतणतच त्यांना सगळी रीत ऐकवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाव, ते बराबर हाय. पण ह्या रेघा डोळ्याच्या पायी आल्या, काचेच्या पायी नाही. डोळे-ओठ काढून टाका, चेहरा एका तुकड्यात निंघते. गोल काच तं मी बी कापून देईन."

"बिनडोळ्यांचा बुद्ध?" माझा आवाज चढला.

"मले त्यातलं नाही समजत, बाई. मी काचेचं सांगतो."

खामगावच्या अलीकडे ते उतरले. फ्लेक्स परत देताना त्यांनी त्यावरची धूळ रुमालानं पुसली. मी त्यांचं नाव विचारलं नाही, आभारही मानले नाहीत. रागात होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, फाइल उघडली आणि कितीतरी वेळ त्या पापण्यांकडे पाहत बसले. मग त्या निवडल्या आणि काढून टाकल्या. ओठही काढले. चारही रेघा आपोआप बिनकामाच्या झाल्या, त्याही गेल्या. उरली एक कोरी, बिनरंगाची काच, भोवती चीवर आणि पानं. मी रडले, तेही रागानंच. पण बोट 'अनडू'वर गेलं नाही. चित्र समितीच्या ग्रुपवर टाकलं. सचिवांचं उत्तर आलं, "रेघा गेल्या, बरं झालं. आता होऊन जाऊ द्या काच." जशी काही त्यांचीच कल्पना!

एका कारागिरानं काच कापून, जोडून झरोक्यात बसवली, आणि पौर्णिमेच्या सकाळी विहार भरला होता. दारावरच्या काचेतून ऊन आत आलं, भिंतीवर हिरवा-केशरी रंग सांडला. बाबा उंबऱ्याशी खुर्चीत होते, वर पाहून म्हणाले, "गोल बराबर बसला." सचिव आमच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि कागद वाचू लागले. फरशीवाल्यांचं नाव आलं, पंख्यांचं आलं, जेवणाचं आलं. खिडकीवर आले आणि म्हणाले, "खिडकीचं काम समितीनं केलं." बस. माझ्या बाबांचं नाव नाही, माझं नाही. कोऱ्या काचेतून आलेलं स्वच्छ ऊन नेमकं त्यांच्या तोंडावर पडलं होतं, ते डोळे बारीक करून वाचत होते. मला ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात सगळे उठले आणि बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाण्याचं त्रिशरण सुरू झालं. मी हात जोडले, रागानंच. लहानपणापासून पाठ असलेले ते शब्द तोंडातून निघत होते आणि मधेच माझ्या ध्यानात आलं की मी अजून माझ्या नावाची वाट पाहते आहे. त्या पापण्याही मी बुद्धासाठी कुठं रेखाटल्या होत्या? लोकांनी म्हणावं, पोरीनं चित्रात काय डोळे काढलेत, म्हणून रेखाटल्या होत्या. बसमधल्या त्या चाचांनी हे ओळखलं असेल असं मी म्हणत नाही, ते काचेचं बोलत होते. पण त्या दिवशी, त्याच बाकावर, काच घेऊन त्यांना माझ्या शेजारी कुणी बसवलं, हे मी स्वतःला अजून विचारते आणि उत्तराचा हट्ट धरत नाही. त्यांचे आभार राहून गेले, ते इथं मानते. शरण जाणं म्हणजे राग संपणं असेल असं मला वाटायचं. तसं काही नाही. त्या सकाळी मी संतापलेलीच होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ते तिन्ही शब्द माझं नाव बाजूला ठेवून म्हटले.