मंगळवारी दुपारी गायब होणारं मशीन

या मंगळवारी दुपारी दीड वाजता मी आमच्या दवाखान्यातल्या प्रसूती विभागाच्या व्हरांड्यात उभा होतो... आणि समोर जे बघितलं, त्याने दोन महिन्यांची माझी सगळी हुशारी उतरली.

जालन्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी कम्प्युटर सांभाळतो. ओपीडी, लॅब, प्रसूती विभाग... प्रत्येक ठिकाणी पेशंटच्या नोंदींचं एकेक मशीन आहे आणि रोज दुपारी दीडला त्या सगळ्यांचा बॅकअप माझ्या खोलीतल्या सर्व्हरवर येतो. ही वेळ मीच ठरवलेली. जेवणाच्या सुट्टीत नोंदी थांबलेल्या असतात, असा माझा हिशेब.

प्रत्येक मशीनवर 'एजंट' नावाचा छोटा प्रोग्राम असतो. त्याने नेटवर्कवरून सर्व्हरला हजेरी दिली, तरच बॅकअप होतो. प्रसूती विभागाचा एजंट मात्र यादीतून मधूनच नाहीसा व्हायचा. सकाळी हजर, दुपारी गैरहजर!

काय काय केलं नाही... एजंट काढून तीनदा नव्याने बसवला. केबल बदलली, फायरवॉल बंद करून बघितली. सकाळी जाऊन तपासलं की सगळं बराबर.

मग ध्यानात आलं, हे फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी होतं. ते दोन दिवस गरोदर बायकांच्या तपासणीचे. पार तीर्थपुरी, आष्टीकडून बायका जीपने येतात. मी निष्कर्ष काढून मोकळा झालो... गर्दीत नोंदींची कटकट नको म्हणून तिथल्या सुमन सिस्टर मशीनच बंद ठेवत असणार.

सिस्टरना मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा त्या ठामपणे म्हणाल्या, "न्हाई सर, चालूच असतंय. मी कशाला बंद करू?" दुसऱ्यांदा जरा थांबल्या. "चालूच असतंय... मला वाटतं."

तेवढ्या थांबण्यावर मी व्यवस्थापकांना पत्र लिहिलं. तपासणीच्या दिवशी प्रसूती विभागाचं मशीन बंद ठेवलं जातं, म्हणून बॅकअप राहून जातो, असं. सिस्टरचं कंत्राट दरवर्षी नव्याने होतं आणि यंदाची सही याच बुधवारी व्हायची होती. हे मला माहीत नव्हतं, असं इथे लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. माहीत होतं.

सोमवारी व्यवस्थापक म्हणाले, "सिस्टरच्या सहीआधी तुमच्या पत्राचा विचार करावा लागेल." तेव्हा कुठे लक्षात आलं... मी जे पाहिलेलंच नाही, ते सही करून लिहून दिलं होतं. दुपारी दीडला मी तिथे एकदाही गेलो नव्हतो.

म्हणून मंगळवारी गेलो. एक वाजता रोजच्या भारनियमनाची लाईट गेलेली. इन्व्हर्टरवर मशीन व्यवस्थित चालू, आणि सिस्टर डबा बाजूला ठेवून नोंदी करत बसलेल्या... जेवणाच्या सुट्टीत नोंदी थांबतात, हेही माझं मीच ठरवलेलं!

व्हरांड्यात बाकावर दहा-बारा गरोदर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. वॉर्डातल्या आयाबाई, कडूबाई मावशी, टेबल फॅन उचलून घेऊन आल्या. "सरका गं पोरींनो." भिंतीवर नेटवर्कचा डबा आहे, विभागाचं मशीन त्यातूनच सर्व्हरला जोडलेलं. त्याची पिन मावशींनी शांतपणे उपसली आणि त्याच जागी फॅनची खोचली. डब्यावरचे दिवे विझले. माझ्या खोलीतल्या यादीतून एजंट त्याच क्षणी गेला असणार.

"मावशी, हे काय?"

"काय न्हाई सर. मागं एकीला हितंच चक्कर आल्ती. ती डबी नुस्ती लुकलुक करून राह्यली, तिला काय गरम होतंय का? लाईट आली की लावते मंग परत. रोज फडक्यानं पुसते बी मी तिला!"

बायका हसल्या. टोकाला बसलेल्या, दिवस भरत आलेल्या एका पोरीने चप्पल काढून पाय फरशीवर टेकवले, डोळे मिटले आणि तोंड वाऱ्याकडे केलं. 'फॅनची पिन काढा' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

तिथून थेट व्यवस्थापकांकडे जाऊन दुसरं पत्र दिलं. बॅकअपची वेळ माझी, व्हरांड्यातला इन्व्हर्टरचा एकमेव पॉइंट डब्याला दिला तोही मीच, सिस्टरचा काहीही दोष नाही. ते म्हणाले, "अहो, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं." मी म्हणालो, पहिलं तोंडी नव्हतं.

संध्याकाळी एक एक्स्टेन्शन बोर्ड बसवला. फॅनही चालतो, डबाही. बॅकअप आता पाच वाजता होतो. बुधवारी सिस्टरच्या कागदावर सही झाली.

सही झाल्यावर मी त्यांना पत्राचं सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सांगितलं नसतं तर कळलंही नसतं... पण मग रोज त्यांच्यासमोरून जाताना मला जड गेलं असतं. खरं म्हणजे, हेही मी माझ्यासाठीच केलं की काय, कोण जाणे.

त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं ना, तवापासून मी उठताना दरवेळी मशीनला हात लावून बघून राह्यले, चालू हाय का. आपणच बंद करतो अन् आपल्याला समजंना की काय, असं वाटायलं होतं."

खरं बोलणाऱ्या बाईला मी तिच्याच खऱ्याबद्दल शंका घ्यायला लावली होती. कंत्राट टिकलं, पण ही शंका कुठल्याच पत्रात लिहिलेली नव्हती, त्यामुळे दुसरं पत्र देऊन मागेही घेता येत नव्हती. त्यांनी ते मनात न ठेवता मला तोंडावर सांगितलं... त्यासाठी सुमन सिस्टरचे मनापासून आभार.