खालचा आकडा

सुमी ओसरीवर बसून अपूर्णांकांची बेरीज करत होती. "आई, छेद वेगळे असले तर आधी ते सारखे करून घ्यायचे. नाहीतर बेरीज चुकते," ती म्हणाली. माझी शाळा चौथीतच सुटली, तरी मला ते लगेच पटलं. वरचा आकडा तुकडे किती ते सांगतो, खालच्यावरून तुकडा केवढा ते कळतं.

आमच्या घरात कलिंगड सासूबाई चिरतात. सुमीच्या भावाला जाड फोडी, सुमीला पातळ. वर म्हणतात, "दोघांना दोन-दोन दिल्यात. कुणी कुरकुरायचं नाही." सुमी मान खाली घालून खाते. मीही तशीच खात आले, माहेरी आणि इथेही. वरचा आकडा सगळे मोठ्याने सांगतात. खालचा विचारला तर बाईमाणूस हावरट ठरतं.

आज सासूबाईंनी कलिंगड पुढे ओढलं, तेव्हा मी सुरी माझ्याकडे घेतली.

"मी चिरते, आत्याबाई."

"चीर बाई. बघू काय दिवे लावतेस."

मी सावकाश चिरलं. सगळ्या फोडी एका जाडीच्या झाल्या. सासूबाईंनी एक उचलून पाहिली.

"पोराला एवढीशीच?"

त्यांना मी कधी उलट बोललेले नाही. सुमी माझ्याकडे बघत होती.

"सगळ्यांना तेवढीच," मी म्हटलं.

आवाज अगदी बारीक निघाला. निघाला, एवढं खरं. पुढचं कलिंगडही मीच चिरणार आहे.