झुंबरबाईच्या तोंडाची चव

इंदुरीच्या झुंबरबाईची जीभ मुळातच तिखट, पण एकोणीसशे त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात ती पार विखारी झाली. सून नंदाबाई आपल्या भाकरीत काहीतरी कालवते, हे तिच्या मनानं पक्कं घेतलं होतं.

पुरावा काय, तर तोंडाला सकाळ-संध्याकाळ तांब्याच्या पैशाची चव. हिरड्या सुजलेल्या, दात हलायला लागलेले, हाताला थरथर. आता घरात चूल सुनेची, मग दुसरं कोण असणार?

झुंबरबाई तळेगावात एका बियाण्याच्या वखारीत कामाला होती. पेरलेल्या ज्वारीला काणीचा रोग पडू नये म्हणून पिंपात दाणे घालायचे, वर राखाडी पावडर टाकायची, पिंप गरागरा फिरवायचं आणि पोती भरायची. पोतं शिवण्याआधी बी वाळलंय का, हे झुंबरबाई चार दाणे दाताखाली फोडून सांगायची आणि थुंकून टाकायची. तिच्या दाताइतका भरवसा वखारीत कशावरच नव्हता, आणि त्याचा तिला भारी तोरा. मुकादम नाकातोंडाला रुमाल बांधून दारातूनच ओरडायचा. अहो, तो रुमाल रोज दिसत होता तिला! पण संशय घ्यायचा तो सुनेचाच. धन्य ती बाई!

शेवटी तिनं मुलाला, सोपानला, सुनावलं, "ही तरी ऱ्हाईल, न्हाईतर मी." त्यानं मान खाली घालून बायकोला आंदर मावळात माहेरी पोचवलं.

मग बाई स्वतः थापून खाऊ लागली. चव तीच. जाताना पिठात घालून गेली असंल, असं म्हणत तिनं डबा उकिरड्यावर ओतला, नवं दळण आणलं. तरी चव तीच.

पंधरा दिवसांनी शेजारी पोती शिवणाऱ्या कस्तुराबाईच्या थरथरत्या हातातून दाभण पडला. ती हिरडीचं रक्त थुंकली आणि हळूच म्हणाली, "मावशी, कुनाला सांगू नगा. माजी सून मला खान्यातनं काईतरी घालती."

झुंबरबाईनं दाताखालचे दाणे थुंकून टाकले. ती पिंपाकडं बघतच राहिली.

"सून न्हाई गं, ही पावडर हाय. ऊठ हितनं."

कस्तुराबाईनं तिच्याकडंच संशयानं पाहिलं आणि दाभण उचलला.

झुंबरबाई तशीच चालत निघाली. आंदर मावळात पोचेपर्यंत दिवस कलला. व्याह्याच्या ओट्यावर टेकून ती म्हणाली, "नंदे, चुकलं माजं. भूक लागलीया, वाढ."

नंदाबाई आत गेली. ताट घेऊन समोर बसली. भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, सासूच्या डोळ्यांत बघत आधी स्वतः चावून गिळला, आणि मग ताट पुढं सरकवलं.