आत्या नापास झाली

आमच्या आत्याचं मालिशचं दुकान. सरकारने नियम काढला, की प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्याशिवाय मालिश करायचा परवाना मिळणार नाही, तेव्हा आत्या उसळलीच.

"अर्धं गाव सरळ केलंय या हातांनी. हे काय शिकवणार मला, कपाळ!"

पण दुकानाला टाळं लागेल म्हटल्यावर गेली, तोंड वाकडं करून.

वर्गात पद्धत अशी, की सगळ्यांनी आळीपाळीने एकमेकांना मालिश करायचं. आत्याची पाळी आधी आडवं होण्याची आली. जन्मात पहिल्यांदा तिच्या पाठीला दुसऱ्या कुणाचा हात लागला. जोडीदारीण अगदीच नवखी होती, तरी आत्या जी घोरायला लागली, ती वर्ग सुटल्यावरच उठली. दुसऱ्या दिवसापासून स्वारी सगळ्यांच्या आधी हजर!

निकाल लागला आणि आम्ही चाटच पडलो. आत्या नापास.

"अगं, मानेत मणके किती, एवढंही तुला लिहिता येऊ नये?" मी चिडून विचारलं.

"येत होतं की. पण नापास झालं की वर्ग पुन्हा करावा लागतो."

"आणि दुकान?"

"राहू दे बंद. माझी पाठ आत्ता कुठे मोकळी व्हायला लागलीय."