पटकीच्या साथीतली बाई

येलदरीच्या धरणाचं काम चालू होतं, तेव्हा मी तिथे मुकादम होतो. मजुरांच्या झोपड्यांत पटकीची साथ आली आणि माझ्या बायकोला उलट्या सुरू झाल्या. शेजारी दारं लावून बसले. आम्ही ख्रिस्ती. मी तिच्या उशाशी प्रार्थनेला बसलो, पण भीतीनं शब्दच सुचेनात.

तेवढ्यात एक बाई दाराशी आली. धोंडे वाहणाऱ्या मजुरांपैकीच असावी. गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रूस होता. ती क्षणभर डोळे मिटून उभी राहिली, मग आत आली. तिनं बायकोचं अंग पुसलं, घाण झालेलं लुगडं बदललं आणि मीठ घातलेली पेज घोटघोट पाजली.

“तुम्हाला भीती नाही वाटत?” मी विचारलं.

“लय भ्या वाटायलंय, भाऊ. घरी लेकरं हायत माझी. पण क्रुसावर द्यायला धरून न्यायच्या आधी बागेत प्रभू येशूलाबी भ्या वाटलंच की. तरी ते उठून गेले आपल्यासाठी.”

एवढं बोलून ती पलीकडच्या झोपडीत गेली.

बायको हळूहळू सावरली. ती बाई मात्र नंतर आलीच नाही. तिचं काय झालं, हे कुणाला विचारायचा मला धीर होईना. एका सकाळी पलीकडून कण्हणं ऐकू आलं. भीती वाटलीच. मी चुलीवर पेज ठेवली आणि ती शिजताच घेऊन पलीकडे गेलो.