मान, मशीन आणि आमची वहिनी

नवीन वस्तू घरात आली की सोबत बिल येतं, वॉरंटी कार्ड येतं, आणि घर आमच्यासारखं असेल तर किस्सेही येतात. वॉरंटी वर्षभरात संपते, किस्से वाढतच जातात! आमच्या चेनसॉचं, म्हणजे झाडं कापायच्या मशीनचं, तसंच झालंय. स्टाफरूममध्ये मी एक सांगायला घेतो आणि पुढचा तास बुडायची वेळ येते.

आधी घरची ओळख करून देतो. पावसजवळ आमची हापूसची बाग. ती बघतात माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी. मी रत्नागिरीत मास्तर, सुट्टीपुरता शेतकरी. मागल्या हंगामात दादा शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. जुन्या कलमांची छाटणी राहिली. लाकूडतोडे 'उद्या येतो' म्हणत महिनाभर आले नाहीत. तेव्हा चेनसॉ घ्यायचं ठरलं.

दादाची खरी काळजी मात्र वेगळीच होती. शिमग्याला होळीचं झाड तोडतात, त्यावर कुऱ्हाडीचा पहिला घाव घालायचा मान आमच्या घराचा. घरातलं कुणी उभं राहिलं नाही तर तो मान पुढच्या घराकडे, म्हणजे खालच्या तात्यांकडे जाणार. "छाटणी काय, पुढच्या वर्षी होईल रे," दादा म्हणायचा, "पण घाव कोण घालणार? तू?" मग माझ्या खडू धरणाऱ्या हातांकडे बघून मान हलवायचा.

*

चेनसॉ घ्यायचीय म्हटल्यावर वाडीतले सगळेच इंजिनीअर झाले! रोज संध्याकाळी आमच्या पडवीत सभा. एकदा दादा फोनवर माहिती वाचत होता. "सोळा इंची बार घ्यावा की अठरा इंची?" बार म्हणजे पुढची ती लांब पट्टी, जिच्यावरून साखळी फिरते.

तात्या तेवढ्यात आत आले. अर्धंच ऐकलं आणि तिथेच उभे राहिले.

"काय सांगतोस! गावात बार होतोय? मंग लहान कशाला, मोठाच होऊ दे!"

*

दुकानात आम्ही तिघं गेलो. सेल्समन तरुण, टाय लावलेला. प्रश्न वहिनी विचारायची आणि उत्तरं तो मला द्यायचा.

"वजन किती?" वहिनीनं विचारलं.

"सर, हे साडेपाच किलो."

"पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं?"

"सर, ते पुस्तकात दिलंय."

वहिनी शांतपणे म्हणाली, "सरांना वर्गात लाकडं फोडायची नाहीत. इकडे बघून बोला."

त्या क्षणाला दादाला आणि मला एकदमच कळलं की मशीन कोण चालवणार आहे! आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि बाकावर बसून घेतलं.

*

सेल्समनने मग बॅटरीवर चालणारं मशीन काढलं. "मॅडम, हे बघा. धूर नाही, दोरी ओढायला नको, आणि आवाज तर जवळजवळ नाहीच!"

"आवाज नाही?" वहिनीचा चेहरा पडला. "मग काय उपयोग? वानरं कशी पळतील?"

तो बिचारा घाटावरून बदली होऊन आलेला. कोकणात बागेतलं प्रत्येक अवजार आधी वानरांना दाखवायला लागतं, हे त्याच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं!

*

शेवटी निवड कशी झाली, ते ऐका. वहिनीनं एक मशीन दोन्ही हातांत धरलं आणि ते तसंच धरून प्रश्न विचारायला सुरुवात केली. साखळी कशी घासायची, सुटी कशी होते, रत्नागिरीत पार्ट मिळतात का, बिघडलं तर माणूस घरी येतो का. तिसऱ्या प्रश्नाला हात भरून आले. मशीन खाली. दुसरं उचललं. परत पहिल्यापासून तेच प्रश्न! सहाव्या प्रश्नाला तेही खाली.

तिसऱ्या मशीनला सगळे प्रश्न संपले, सेल्समनला घाम फुटला, तरी वहिनीचे हात स्थिर होते.

"माझे प्रश्न संपले आणि हात दुखला नाही," ती म्हणाली. "हेच बांधा."

मी इतकी वर्षं परीक्षा घेतोय, पण इतकी चोख परीक्षा मला कधी जमलेली नाही.

*

पहिल्या दिवशी मशीन सुरू करायचं म्हणून दादा उत्साहाने तयारीला लागला. पेट्रोलची टाकी वेगळी, साखळीच्या तेलाची वेगळी. दुकानातून दिलेला तेलाचा डबा आम्ही एसटीतच विसरलो होतो. दादाने क्षणभर विचार केला आणि त्या टाकीत घरचं घाण्याचं खोबरेल ओतलं!

कापायला लागल्यावर अख्ख्या बागेत न्हाणीघराचा वास. वहिनीनं दुकानात फोन लावून विचारलं, तर सेल्समन किंचाळलाच.

वहिनी म्हणाली, "ओरडू नका हो. नवीन पाहुणा आहे, पहिली आंघोळ घातली!"

आणि हो, त्या दिवशी मशीन सुरू कुणी केलं? मी दोरी ओढली तेव्हा माझा चष्मा उडाला. वहिनीनं मशीन जमिनीवर ठेवलं, पाय रोवला आणि विहिरीवर कळशी ओढायच्या सवयीनं एकच हिसका दिला. चालू! वानरं पूर्णगडाच्या दिशेने पळाली. मला त्या माउलीचा इतका अभिमान वाटला की मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो.

*

महिन्याभरात वहिनीनं आमची कलमं छाटली, शेजारच्यांचीही छाटली. एक दिवस घरी फोन आला. दादाने उचलला. पलीकडून विचारणा झाली, "मशीनवाल्या वहिनींचं घर काय?"

"हो."

"आपण कोण?"

दादा ऐटीत म्हणाला, "मी त्यांचा ऑफिस क्लार्क!"

*

मग शिमगा आला. झाडाभोवती वाडी जमली. दादा वडिलांची कुऱ्हाड डाव्या हातात धरून उभा. मागे मशीन घेऊन वहिनी.

तात्यांनी तोंड उघडलंच. "मशीन चालायचा नाय. मशीनचा घाव नसतो, काप असतो. मान घावाचा हाय!"

दोघातिघांनी माना डोलावल्या. दादाचा चेहरा उतरला. मी पुढे झालो, तर माझा अवतार बघून पोरं हसली.

गावकर, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, बापू सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी दादाला विचारलं, "तुज्या घरातला कोन उभा ऱ्हातोय?"

दादा एक पाऊल पुढे आला. "बापू, मान घराचा ना? मग घर उभं आहे की!" आणि त्याने वहिनीकडे बोट केलं.

बापूंनी एकदा वहिनीकडे बघितलं, एकदा झाडाकडे. मग त्यांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या घरची सून तुज्या झाडाला हात लावतेय. काय चुकला आसंल तर पोटात घाल, तिच्या हाताला यश दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली. तात्यासुद्धा!

वहिनीनं मशीन खाली ठेवलं. पदर खोचला, दादाच्या हातातून कुऱ्हाड घेतली आणि बुंध्यावर एकच वार केला. पातं खोल रुतलं. तिने ते हिसडून काढलं, कुऱ्हाड दादाकडे दिली, मशीनची दोरी हातात घेतली आणि तात्यांकडे वळली.

"तात्या, हा घाव. आता बघा काप!"